काचेवरून गेलेली गांधीलमाशी

या, असे पुढे या. दाराशी कशाला अवघडून बसताय मंडळी? बुवांची वीणा अजून लागायचीय, टाळकरी चहा पितायत, कीर्तन उभं राहायला घटकाभर लागेल. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. गोष्ट भीतीची आहे, आधीच सांगून ठेवतो. डोळ्यांना धड न दिसणारा एक जीव, तोही मेलेला, कुलपाच्या आतून नाहीसा झाला आणि त्याच्या पायी चार जिवंत माणसांची झोप उडाली. कुणी नेला, कसा नेला, ते शेवटी कळेल. तोवर कुणी उठायचं नाही.

१

दसऱ्यानंतरचा सोमवार. बीडमधल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, पंचशीलानं सकाळी साडेदहाला आपलं कपाट उघडलं.

पंचशीला मूळची उमापूरची. वय सत्तावीस, पीएच.डी.चं शेवटचं वर्ष. नारायणगडाच्या उतारावरच्या सीताफळींवर पिठ्या ढेकूण पडतो, पांढरा, कापूस लागल्यासारखा. त्या ढेकणाच्या अंगात एक गांधीलमाशी अंडं घालते. माशी कसली, मिलिमीटरभर लांबीचा ठिपका. तिची अळी ढेकणाला आतून खात राहते. बाहेरून बघणाऱ्याला ढेकूण जिवंतच दिसतो, आणि एक दिवस त्याच्या पाठीला गोल भोक पडून नवी माशी बाहेर येते. असल्या माश्या जगात ढिगानं आहेत, पण पंचशीलाला मिळालेली कुठल्याच यादीत बसेना. दोन वर्षं तिनं मिशांचे पेर मोजले, पंखावरचे केस मोजले, देशोदेशीची वर्णनं ताडून पाहिली. पंखावर बिनकेसाची एक तिरकी पट्टी असते, ती हिच्यात मधोमध तुटलेली होती. दुसऱ्या कुठल्याच जातीत तशी नव्हती. जात नवी होती.

नव्या जातीला नाव द्यायचं तर एक मूळ नमुना लागतो. एकच देह. नाव कायमचं त्या देहाला बांधलेलं असतं; पुढं शंभर वर्षांनी कुणी शंका काढली तरी त्यालाच जाऊन बघायचं. इथं मादी हवी होती, आणि मादी एकच सापडली होती. घटस्थापनेच्या दिवशी पंचशीलानं ती काचपट्टीवर पिवळ्या चिकट राळेत बसवली, वर नखाएवढी पातळ काच ठेवली, कडेला लाल चिठ्ठी लावली आणि लाकडी पेटीच्या चौदाव्या खाचेत सरकवली. पेटी कपाटात, कपाटाला कुलूप.

आता ती काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली होती. राळ होती. लाल चिठ्ठी होती, तिच्याच अक्षरातली. माशी नव्हती.

तिनं काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा पाहिली. वरची पातळ काच केसभर खाली सरकलेली होती, म्हणजे कुणीतरी ती उचलली होती. कुलूप शाबूत होतं. शेजारच्या तेरा काचपट्ट्या जिथल्या तिथं, त्यांच्यावरचे किडे जसेच्या तसे. नेणाऱ्याला नेमकी चौदावीच ठाऊक होती.

खिडकीपाशी पाल चुकचुकली आणि पंचशीला दचकली. पेटी हातातून सुटता सुटता राहिली. ती उजेडात फिरली तेव्हा तिला झाकणाच्या मधोमध ते दिसलं. बोटांचे तीन ठसे. तांबडे, वाळलेल्या रक्तासारखे.

२

डॉ. शिवशंकर हे विभागाचे प्रमुख आणि तिचे मार्गदर्शक. कपाळावर भस्माची बारीक रेघ, बोलणं मोजकं. तिचं ऐकून ते आधी उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. सर दार कधी लावत नसत.

"तू खरंच पाहिली होतीस ना ती मादी?"

"सर, तुम्ही पण पाहिली की. घटस्थापनेला. तुम्हीच म्हणालात, पट्टी तुटलेली दिसते म्हणून."

"मी घाईत बघितलं होतं." सर टेबलावरचा कागद उगाच सरळ करत होते. "उद्या अकराला नीलम्मा मॅडम पुण्याहून येतायत. नमुना तपासून संग्रहालयात न्यायला. काचेवर काही नसलं तर त्या काय समजतील? चित्रं तू काढलीस, मापं तू घेतलीस, फोटो धूसर. देह नाही. अशा कामाला काय म्हणतात, तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. बनाव. एकदा तो शिक्का बसला की आयुष्यभर तिनं दाखवलेल्या प्रत्येक किड्याकडे लोक आधी संशयानं बघणार. शेतावर मजुरी करून शिकवणारी आई, नागपूरला दीक्षाभूमीवर परवाच तिच्या शेजारी उभी राहून म्हणाली होती, आता पोरीच्या शब्दाला वजन आलं. त्या वजनाला उद्या अकरापर्यंतची मुदत होती.

"पोलिसांना सांगू का सर?"

"अजिबात नाही!" सर एवढ्या जोरात म्हणाले की बाहेर कुणाच्या तरी चपला थबकल्या.

भीती अशीच असते, मंडळी. त्या ढेकणाच्या पोटातल्या अळीसारखी. पंचशीला जिना उतरली, दोघा-तिघांशी हसून बोललीसुद्धा. आत काय कुरतडलं जात होतं ते तिचं तिला माहीत.

ती थेट खोलीवर गेली. घरमालकीण बायनाबाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या. बायनाबाई तीस वर्षं पोलिसात होत्या, जमादार म्हणून निवृत्त झाल्या. आता कुठंही सप्ताह बसला की पहिल्या रांगेत त्यांची बैठक ठरलेली. एक कीर्तन चुकलं तर दोन दिवस जेवण गोड लागत नाही, असल्या बाई.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"रक्ताचं बोट म्हणतीस? चल, बघू दे मला. आन् रडू नको रस्त्यानं, लोकं इचारत्यात."

३

प्रयोगशाळेत दुपारी कुणी नव्हतं. बायनाबाई दारातच उभ्या राहिल्या आणि आधी खोलीभर नजर फिरवली. सूक्ष्मदर्शकाच्या पायाला हळदीकुंकवाची बोटं. तराजूला, फ्रिजला, पाण्याच्या यंत्राला, कपाटांच्या दारांना, सगळ्यांना. प्रत्येकावर आपट्याचं एकेक सुकलेलं पान.

"खंडेनवमीची पूजा जोरात झालेली दिसती."

"दरवर्षी होते मावशी. सगळी अवजारं पुजतात. मी नव्हते, मी आदल्या संध्याकाळीच नागपूरला गेलते. शनिवारी आले."

"मग किल्ली?"

"बिभीषण मामांकडं. इथले शिपाई. एकोणीस वर्षं झाली इथं त्यांना. लई भला माणूस."

बायनाबाईंनी पेटीला हात न लावता वाकून पाहिलं. पेटी कपाटात पुस्तकासारखी उभी होती. "ही अशी उभी कावून ठिवलीस?"

"पेटी उभी ठेवली की आतल्या काचा आडव्या राहतात. राळ वाळायला महिना-दीड महिना लागतो, तोवर काच आडवीच पाहिजे. मी स्वतः उभी ठेवून गेलते आणि उभीच सापडली. जागची हललेली नाही."

"हललेली न्हाई," बायनाबाई पुटपुटल्या. मग झाकणावरच्या त्या तीन ठशांवर नाक नेऊन त्यांनी वास घेतला. त्यांच्या भुवया वर गेल्या. पण बोलल्या एवढंच, "तुझ्या कपाटाचं दार लई स्वच्छ हाय गं."

"म्हणजे?"

बायनाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. दाराच्या फटीतून एक सावली आत पडली होती आणि ती हलत नव्हती. तेवढ्यात खोलीत एक वास शिरला, उग्र, गोडसर. लवंगेच्या तेलाचा.

तो वास तिच्या ओळखीचा होता. किडा राळेत बसवण्याआधी लवंगेच्या तेलात बुडवतात. हे काम येणारं माणूस दाराबाहेर उभं होतं.

बायनाबाईंनी एका ढेंगेत जाऊन दार ओढलं.

४

बाहेर वीरेश होता. पंचशीलाच्याच बरोबरीचा संशोधक, युसूफ वडगाव या गावचा. गेल्या महिन्यात चारचौघांत तो तिला म्हणाला होता, "नाव तुझ्या एकटीचंच लागणार म्हण की. आमी नुसत्या टाळ्या वाजवायच्या."

"काय बे, दाराला कान लावून काय ऐकतोस?" जमादारीणबाईंचा जुना आवाज निघाला.

"कुठं काय... मी आपलं..." त्याचा हात गालावर होता.

"लवंगेचं तेल कशाला लावलंस?"

"दाढ दुखतेय मावशी. आठ दिवस झाले."

"तोंड उघड." त्यानं निमूटपणे उघडलं. बायनाबाईंनी आत पाहिलं. "सुजलीय खरी. पण दाढ दुखली म्हणून माणूस असा थरथरत न्हाई. काय लपवतोयस?"

वीरेश खालीच बसला. पंचशीलाकडे बघायचं त्याला धाडस होईना.

"मी पाहिलंतं," तो म्हणाला. "खंडेनवमी, दसरा मी गावाकडंच होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आलो. मला बघायचं होतं, खरंच जात नवी आहे का. जळत होतो, खोटं कशाला बोलू. बिभीषण मामांकडून किल्ली घेतली, काच लावली... आणि काचेवर काहीच नव्हतं."

"तवाच का न्हाई बोललास?" पंचशीला ओरडलीच. "चार दिवस, वीरेश! चार दिवस तुला माहीत होतं!"

"बोललो असतो तर पहिलं नाव माझंच आलं असतं! कपाट मीच उघडलं, हे काम मलाच येतं, आणि तुझ्यावर जळतो हे सगळ्या कॉलेजला माहीत. माझ्या जागी तू असतीस तर बोलली असतीस का?"

"खरं बोलतोय," बायनाबाई म्हणाल्या. "चोरी केली असती तर कपाट उघडल्याचं त्यानं तोंडातनं काढलंच नसतं. आता मला दोन गोष्टी आणून दे पोरा. कँटीनातून अर्धं लिंबू. आन् तुमचे बिभीषण मामा."

५

बिभीषण आला तो खांद्यावरच्या उपरण्यानं घाम पुसत. पन्नाशीचा, वाळका, डोळे कायम जमिनीकडे. पेटीकडे तर तो बघेच ना. त्याच्या मागोमाग शिवशंकर सरही आले.

"बाई, हे शास्त्राचं काम आहे. बाहेरच्यांनी यात..."

"तेच बघायला आले साहेब. बसा की." बायनाबाईंनी लिंबू हातात घेतलं. "पंचशीला, हे रक्त म्हणतीस ना?"

त्यांनी झाकणावरच्या एका ठशावर लिंबाचे दोन थेंब पिळले. सगळे वाकले. तांबडा डाग कडेनं फिका झाला, मग मधूनही, आणि बघता बघता पिवळाजर्द झाला.

"रक्त कधी पिवळं होतंय का? ही हळद हाय. हळदीच्या डागाला सोडा-साबण लावला की तो तांबडा होतो. लगीनघरची लुगडी धुतलेल्या कुठल्याबी बाईला इचारा. म्हंजी कुणीतरी या पेटीला हळद लावली आन् मागून साबणानं पुसली." त्या वळल्या. "हितं सगळ्या अवजारांला बोटं हायती. निस्तं हिचं कपाट आन् हिची पेटी तेवढी कोरी. कावून?"

वरचा पंखा तेवढा किरकिरत होता.

"आन् अजून एक. पोरगी म्हणती, पेटी उभी ठिवली, उभीच सापडली. पण उभ्या वस्तूला आपण हळद लावतो ती वरच्या कडेला. ही बोटं झाकणाच्या मधोमध हायती. म्हंजी हळद लागली तवा झाकण वर होतं. पेटी आडवी होती."

पंचशीला पेटीकडे वळली. "आडवी?"

बिभीषणानं उपरण्यात तोंड झाकलं. त्याचे खांदे हलायला लागले.

"मीच ठिवली ताई," तो म्हणाला. "ह्या खोलीत एवढी वर्सं काढली, पर नवा जीव सापडलेला कवा बघितला न्हवता. आपल्या गडावरचा जीव! म्हणलं, पूजेत सगळ्यात म्होरं त्योच पायजे. पाटावर मधी ठिवली तुमची पेटी, पोथीवानी. शेजारी समई लावली. दोन दिस तेल घातलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी पूजा उचलली तवा ध्यानात आलं, ताई बौद्ध हायती, त्यांच्यात हळदकुंकू चालत न्हाई, इचारल्याबिगर लावलं तर त्यांला वाईट वाटंल. म्हणून पेटी पुसली, कपाट पुसलं, आन् होती तशी उभी ठिवून दिली. काच न्हाई उघडली ताई, आईची आण. आज ऐकलं की किडा गेला. आमाला नोकरीत कायम करायची ऑर्डर वर सहीला गेलीय. बोलायचं बळच झालं न्हाई."

पंचशीला त्याच्याकडे बघत होती, पण तिचं डोकं भलत्याच वेगानं पळत होतं. पेटी आडवी, म्हणजे आतल्या काचा कडेवर उभ्या. दोन दिवस. शेजारी समईची ऊब. जुन्या तेरा काचांवरची राळ कधीच वाळून दगड झालेली. ओली होती ती एकटी चौदावी. पातळ काच केसभर सरकलेली, खालच्या बाजूला.

"कुणी नेलीच नाही," ती म्हणाली. "राळ पातळ झाली आणि ओघळली. माशी तिच्याबरोबर वाहत गेली. मी सारखी काचेवर शोधतेय. पेटीत कुणी पाहिलंच नाही!"

तिनं सगळ्या काचपट्ट्या बाहेर काढल्या, पेटी दिव्याखाली धरली. चौदाव्या खाचेच्या तळाशी, तपकिरी लाकडावर तपकिरीच, ज्वारीच्या दाण्याएवढा राळेचा एक थेंब गोठून बसला होता. लाकडाच्या पापुद्र्यासकट तो तिनं पात्यानं अलगद सोडवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

"आहे," ती म्हणाली. "पट्टी दिसतेय. तुटलेली पट्टी." आणि मग हळूच, "डाव्या मिशीचा टोकाचा पेर मोडलाय."

वीरेश भिंतीला टेकून लहान पोरासारखा हसत सुटला. बिभीषणानं जमिनीवर डोकं टेकलं. बायनाबाई मात्र सरांकडे वळल्या.

"साहेब, पूजा शिपाई मांडतो. पर आरतीचा मान प्रमुखाचा असतो ना?"

सरांचा चेहरा उतरला.

"पेटी पाटावर आडवी तुमी पाहिलीत. ओली राळ आडवी काय करती, हे या खोलीत तुमच्याइतकं कुणाला कळतं? सकाळी पोरगी रडत आली तवाच तुमाला उमगलं आसंल. तरी तुमी तिलाच इचारलं, खरंच पाहिलीतीस का म्हणून."

सर खिडकीकडे वळले. "शास्त्राचा विभाग, आणि मूळ नमुना पूजेत समईशेजारी वितळवला," ते म्हणाले. "हे बाहेर गेलं असतं तर देशभर हसले असते मला. सापडली ना आता? मग विषय संपला. संध्याकाळपर्यंत नव्या काचेवर बसव. मॅडमना काही सांगायची गरज नाही. बिभीषणाचंही भलं त्यातच आहे."

ते शेवटचं वाक्य त्यांनी पंचशीलाकडे न बघता म्हटलं. आणि तिला नव्यानं भीती वाटली, कारण ते वाक्य खोटं नव्हतं.

६

मंगळवारी अकराला नीलम्मा मॅडम आल्या. पांढरे केस, जाड चष्मा, हातात स्वतःचं भिंग. त्यांनी काच लावली आणि वीस मिनिटं मान वर केली नाही. आदल्या संध्याकाळी तिनं थेंब विरघळवून माशी नव्या राळेत बसवली होती. काम सुरेख झालं होतं. खरं सांगावं तर बिभीषणाच्या एकोणीस वर्षांच्या नोकरीवर पाणी, न सांगावं तर शास्त्राशी बेइमानी. या दोहोंच्या मधे ती सकाळपासून उभी होती.

"जात नवीच आहे," मॅडम म्हणाल्या. "पंखावरची पट्टी स्पष्ट आहे. पण ही राळ कालची दिसते, आणि कागदांत तारीख घटस्थापनेची. चित्रात डावी मिशी अख्खी आहे, इथं टोक नाही. हा तोच देह आहे, हे मी कशावरून मानू?"

सर खिडकीकडे बघत होते. वीरेश जमिनीकडे. पंचशीलानं तोंड उघडलं, "मॅडम, ती..."

"मी सांगतो बाईसाहेब."

चहाचा ट्रे घेऊन आलेला बिभीषण दारात उभा होता. कपबश्या किणकिणत होत्या, एवढे त्याचे हात कापत होते. त्यानं ट्रे खाली ठेवला आणि सांगितलं. पाट, समई, दोन दिवसांचं तेल, साबण, सगळं. मधे एकदाही थांबला नाही. आरती कुणी केली तेवढं त्यानं सांगितलं नाही. शेवटी म्हणाला, "ताईनं कायबी खोटं केलं न्हाई. तिचा किडा खरा हाय. गुन्हा माझा हाय, मला काय करायचं ते करा."

मग कुठं शिवशंकर सर वळले. "आरती मी केली," ते म्हणाले. "मला थांबवता आलं असतं. काल सांगताही आलं असतं." बोलले, हे चांगलंच झालं. पण ते दुसरे बोलले. आधी कोण बोललं ते तुम्ही ऐकलंत.

थेंब कुठं सापडला ते मॅडमनी पंचशीलाकडून ऐकलं, तिनं जपलेला त्याखालचा लाकडाचा पापुद्रा मागितला, चौदाव्या खाचेशी जुळवून पाहिला. राळेत अडकून राहिलेला मिशीचा पेर पंचशीलानं वेगळा जपून ठेवला होता, तोही तपासला. मग चष्मा काढून पुसत राहिल्या.

"वर्णनात हे सगळं लिही," त्या पंचशीलाला म्हणाल्या. "जसं घडलं तसं. नमुना पुन्हा बसवला, का बसवला, काय मोडलं. लपवलेला दोष शंभर वर्षांनी सापडतो, लिहिलेला दोष कुणाला छळत नाही. सही करते मी."

पंचशीलानं लिहिलं. ते वर्णन आता छापून आलंय. माशीला गडाच्या परिसराचं नाव मिळालं. शेवटी आभाराच्या ओळींत मार्गदर्शकांच्याही वर, पूर्ण नावानिशी, शिपायाचं नाव आहे. त्याची कायमची ऑर्डर मात्र अजून आलेली नाही. कधी येईल, येईल की नाही, हे मी तुम्हाला खोटं कशाला सांगू?

बघा, बुवा उभे राहिले. टाळ घ्या हातात. एवढंच मागणं आहे मंडळी: आज नामाचा गजर कराल तेव्हा तुमच्यातला ज्याला ज्याला खरं बोलायची धास्ती वाटत असेल, त्यानं क्षणभर त्या दारातल्या माणसाला आठवावं. हात कापत असताना जो सगळ्यांच्या आधी बोलला, त्या बिभीषणाला विसरू नका.